घरची ठेवली का?

मंजुळा, तुझ्या दहाव्याला गव्हाच्या पुऱ्या होत्या. टम्म फुगलेल्या, तेलकट, आणि सोबत बटाट्याची भाजी, वरणभात, बुंदी. अख्खा पेठ तालुका जिला नागलीवाली म्हणून ओळखायचा, तिच्या नावाने बसलेल्या पंगतीत नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीचा एक तुकडा नव्हता. मी पानावर बसले आणि वाटलं, आता ही फोटोतून उठते आणि वाढणाऱ्याचा कान धरते. "कोनाच्या शेतात पिकला रं ह्यो गहू?" म्हणून सगळ्यांना ओशाळं करते, आणि मग त्याच वाढणाऱ्याकडून बुंदी मात्र दोनदा मागून घेते. अशीच होतीस तू. मी पुरी खाल्ली. चव लागली नाही.

रडूही आलं नाही. तुझी सून सुनीता माझ्या गळ्यात पडून रडली. तुझा रमेश नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यातून रजा काढून आला होता, तो भिंतीला टेकून रडला. मी आपली सगळ्यांच्या पाठीवर हात फिरवत होते, लांबची पाहुणी असल्यासारखी. घाट उतरून नाशिक रोडला घरी आले, चहा केला, प्यायले, कप धुऊन ठेवला. नवऱ्याने विचारलं, "बरी आहेस ना?" म्हटलं, "बरी आहे." खोटं नव्हतं ते. दाताचा डॉक्टर सुई देतो, मग गाल आपला वाटत नाही ना, तसं झालं होतं मला. दुखत काहीच नव्हतं.

स्मरणिकेसाठी पांडूभाऊंनी दोन पानं मागितली आहेत. तू गेल्यावर आपल्या नागली उत्पादक कंपनीचा कारभार तूर्त तेच बघतात. त्या पानांत हवं काय, तर जन्म, शिक्षण, मिळालेले पुरस्कार, भूषवलेली पदं. म्हटलं, ते तुम्हीच लिहा भाऊ, तुमचं अक्षर चांगलं आहे. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

पहिल्यांदा भेटलो तेव्हाही भांडणच झालं होतं. मी कॉलेजात गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. कुणीतरी म्हणालं, मॅडम, पेठच्या बचत गटांना पदार्थ शिकवा. मी पाड्यावरच्या समाजमंदिरात नागलीचा केक केला. बायका तोंडाला पदर लावून चव घेत होत्या. तू पुढे आलीस, एक तुकडा खाल्लास, दुसरा खाल्लास, आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "मॅडम, साखर कमी हाय."

मी चिडले. "हा आरोग्यासाठी आहे. साखर मुद्दामच कमी घातली आहे."

"मंग औषध म्हन ना. केक कशाला म्हनती?"

सगळ्या हसल्या. मला इतका राग आला की काय सांगू. आणि त्यात तो 'तू'! आयुष्यभर मुली मला पाहून उभ्या राहिल्या, आणि ही बाई ओळख ना पाळख, मला 'मॅडम, तू' म्हणते. पुढे कळलं की तुमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलीत एका माणसाला 'तुम्ही' म्हणतच नाहीत. जिल्ह्याचे मोठे साहेब पाड्यावर आले तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "साहेब, तू त्या सावलीत बस, ऊन लय हाय." साहेबांच्या शिपायाचा चेहरा मला अजून आठवतो. साहेब मात्र मुकाट्याने सावलीत जाऊन बसले. त्या दिवसापासून मीही तुला 'तू' म्हणायला लागले. तुझ्या लक्षातही आलं नाही, इतकं ते तुला साधं होतं.

नाव मंजुळा आणि आवाज भोंग्यासारखा. तुला माईक आवडायचा, नवी साडी आवडायची, फोटोत मधोमध उभं राहायला आवडायचं. साध्यासुध्या बाईचं नेतृत्व वगैरे लोक आता लिहितील, लिहू देत. तू साधीसुधी नव्हतीस. कुणाचं मत कुठे वळवायचं, कुणाला आधी बोलू द्यायचं, कुणाच्या घरी चहाला जायचं, सगळं तुला पक्कं ठाऊक होतं. हे मी कौतुकाने म्हणते आहे, गैरसमज नको.

आणि मग तो तुझा प्रश्न.

पहिल्या वर्षी आपण नागली गोळा करायला बसलो तेव्हा मी काटा लावला, पोत्यांवर नावं घालायला मार्कर घेतला, सगळी जय्यत तयारी केली. पहिली बाई डोक्यावरचं पोतं उतरवून काट्यावर ठेवणार, तेवढ्यात तू काट्यावर हात ठेवलास.

"घरची ठेवली का?"

ती म्हणाली, "ठेवली." तू हात काढलास. पुढची आली. "घरची ठेवली का?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "त्याच्याकडं काय बघती? कणगी तू लिपते का तो?" ती पोत्याची गाठ चाचपत राहिली. तू तिला परत पाठवलंस. अख्खं पोतं परत. मला वाटलं, घरची म्हणजे बियाणं असेल. नंतर समजलं, घरची म्हणजे पुढचं पीक हाती येईस्तोवर घरातल्या सगळ्यांना भाकरीला पुरेल इतकी. शेणाने लिपलेल्या बांबूच्या कणगीत ती आधी भरायची, कणसरीला, म्हणजे तुमच्या धान्याच्या देवीला, मूठभर वाहायची, आणि मग उरली तर विकायची. घराघरातून ही रीत सुटत चालली होती. तू ती उचलून कंपनीच्या काट्यावर आणून बसवलीस.

"नागलीला कीड लागत नाय मॅडम," तू मला ऐकवायचीस. "वरसानुवरसं राहते. इकलेली परत येत नाय. तिच्या जागी रेशनचा तांदूळ येतो."

झालं, माझ्या डोक्याला ताप सुरू! नाशिकच्या दुकानांना मी माल कबूल करायचा, आणि तू काट्यावर बसून बायकांना परत पाठवायचीस. दर वर्षी माल कमी. फोनवर बोलणी मी खायची. एकदा तू स्वतःच्या दिराला बैलगाडीसकट माघारी धाडलंस. त्या दिवशी मी ओरडले, "आपण कंपनी चालवतोय की उपास?"

तू शांतपणे म्हणालीस, "तू कंपनी चालव. मी पाडा चालवते."

मी कपाळावर हात मारून घेतला.

मग ते मिलेटचं वर्ष आलं. बघता बघता नागलीचे दिवस फिरले. जिकडे तिकडे फलक, श्री अन्न, पाककृती स्पर्धा, रॅली. नाशिकच्या त्या थंडगार सभागृहात तुला व्यासपीठावर बसवलं. तू हिरवी साडी नेसली होतीस, नवी कोरी, आणि मला खुणेने विचारत होतीस, पदर बरा आहे का म्हणून. भाषणाची पाळी आल्यावर माईक दोन्ही हातांनी धरलास.

"साहेब, आमी बाजाराला जायचो तवा नागलीची भाकर पदराखाली धरून खायचो. काळी भाकर, लोक हसायचे. मंग तुमची मानसं आली. म्हनली, नागली सोडा, ते गरिबाचं खानं, दुसरं लावा. काहींनी सोडली. आता तू म्हनतो श्री. नाव लय झ्याक ठेवलं बाबा. पन आता एवढा मान दिला तर तिला आमच्या ताटात बी राहू दे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या साहेबांना तू 'बाबा' म्हणालीस त्यांनीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. माझा ऊर भरून आला होता, हे तुला सांगायचं राहिलं. बाहेर आलो तर जेवणाला पनीर, जिरा राईस, नान, गुलाबजाम. नागली होती, कागदी वाटीत एक एक लाडू. मी तोंड वाकडं केलं. तू म्हणालीस, "राग कशाला धरती? लाडू हाय ना!" आणि गुलाबजामांच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस.

तुझं गोडाचं वेड मला तेव्हा गमतीचं वाटायचं. पुढे पाकिटाचा प्रश्न आला. एका हुशार तरुणाने डिझाइन करून आणलं, वर लिहिलं होतं, 'मधुमेहावर रामबाण'. तू ते पाकीट त्याच्या हातात परत दिलंस. "भाकर हाय ती, गोळी नाय. खोटं नको लिहू." मला वाटलं, किती विचारी आहे ही. तुझ्या मनात आधीपासूनच धास्ती होती, हे मला त्यानंतर कळलं, आमच्या नाशिक रोडच्या डॉक्टरांकडे तुला नेलं तेव्हा. तू गाडीत बसलीस आणि रिपोर्टची घडी घालून पिशवीत तळाशी सरकवलीस.

"कुनाला सांगू नको," म्हणालीस. "नागलीवालीला शुगर! लोक काय म्हनतील? सगळा धंदा बसंल तुझा."

"बसू दे. पण नागलीमुळे नाही झाली गं तुला. नागली तू खातेस कधी? घरची भाकरी सोडून मीटिंगचे गुलाबजाम खातेस, म्हणून झाली."

तू हसली नाहीस. पेठला पंचायत समितीत चहा, नाशिकला बैठकीत बिस्किटं, सुरगाण्याला कुणाच्या तरी घरी तांदळाचा भात. ज्या घरी जाशील तिथे तुझ्यासाठी पाहुणचार म्हणून पांढरं खाणं, त्यावर साखर. काळी भाकरी नागलीवालीच्या पुढे कशी ठेवायची, म्हणून लोकांनी लाजून भात रांधावा, आणि तू त्यांचं मन मोडायला नको म्हणून तो खावास. मी तुला म्हटलं, नाही म्हणायला काय जातं? तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "पुढारपन म्हंजे दुसऱ्याच्या घरचं जेवन, मॅडम. नाय कसं म्हनायचं?" हे तुझं वाक्य मी तेव्हा धुडकावून लावलं. आता सारखं आठवतं, आणि आठवून काही होतही नाही. नुसतं आठवतं.

शेवटचं भांडण. त्याचं काय करू मी?

एका मोठ्या खरेदीदाराचा निरोप आला होता. शाळा आणि अंगणवाड्यांच्या पोषण आहारात नागलीचं पीठ घालायचं होतं, अंबडच्या कारखान्यात पाकिटं भरून. आपला सगळा माल ते घेणार, भाव बरा, पण अट एकच होती. प्रत्येक सभासदाने यंदाचं सगळं पीक आधीच त्यांच्या नावे करायचं. सगळं म्हणजे सगळं. काट्यावर तुझा प्रश्न विचारायला जागा उरणार नव्हती. मी त्याच्या बाजूने होते. नाशिकहून पेठला येताना गाडीत तुला सगळं पटवून सांगितलं. दिवाळी झाली की इथल्या बायका पोरंबाळं घेऊन दिंडोरी, निफाडला द्राक्षबागांवर उतरतात, बांधावर प्लास्टिक बांधून राहतात. भाव नीट मिळाला तर त्यातल्या काही तरी घरी राहतील. सपाटीवरच्या पोरांच्याही पोटात नागली जाईल. आणि तुमच्या पोरांना अंगणवाडीत मिळणारच आहे.

"म्हंजे आमची नागली घाट उतरून अंबडला जानार," तू म्हणालीस, "आन पाकीट होऊन परत घाट चढून येनार."

"बरं मग? पाकिटात तीच नागली आहे ना?"

"आज हाय. उद्या साहेब बदलला म्हंजे? आदी सोडा म्हनले, मंग लावा म्हनले. उद्या परत सोडा म्हनतील. पाकीट बंद झालं तर मी कणगी कुठून आनू? तवर आमच्या पोरींना भाकर थापता बी येनार नाय."

"म्हणून कायम भीत भीतच जगायचं का? सरकार काही चांगलं करतंय तर त्यालाही हात लावायचा नाही?"

 हे मी आजही म्हणते. तू फक्त म्हणालीस, "तू शहरात राहते." मी म्हटलं, "राहते, म्हणून माझं सगळं चूक?" मग पेठ आलं. उतरताना तू दार आपटलंस. चार पावलं जाऊन परत आलीस, खिडकीतून खुरसणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, चटणीची पुडी माझ्या मांडीवर टाकलीस आणि चालू लागलीस. त्यानंतर तुझा एकच फोन आला. "मॅडम, काटा दुरुस्त करून आन. मागच्या खेपेला डुलत होता." मी "आणते" म्हटलं आणि ठेवला. माझा राग गेला नव्हता. तुझाही गेला नसणार, नाहीतर तू एवढ्यात फोन ठेवू दिला नसतास.

मग सुनीताचा फोन. तू अंगणात नागली वाळत घालत होतीस, दम लागला म्हणून तिथेच बसलीस. बस, एवढंच.

दहाव्यानंतर पांडूभाऊ घरी आले. वाईट माणूस नाही तो. त्याची स्वतःची सून दर वर्षी बागांवर जाते, त्याला ते सलतं. खुर्चीच्या टोकाला बसून म्हणाला, "मॅडम, करार करून टाकू. बाई असत्या तर मला वाटतं त्याही शेवटी हो म्हनल्या असत्या."  तू गेल्यापासून जो येतो तो हेच सांगतो, मंजुळाबाई असं म्हणायच्या, आणि प्रत्येकाची मंजुळाबाई वेगळी. "तसं तर तुमचंच मत होतं ना?" तो म्हणाला. "मंग काट्यावर तुम्हीच बसा. लोक तुमचं ऐकतील. फक्त तो घरचीचा प्रश्न औंदा राहू द्या. कोनी इचारलं नाय तर सगळं आपोआप काट्यावर येईल."

माझंच मत होतं. मी हो म्हटलं. वाईटही वाटलं नाही, बरंही वाटलं नाही.

परवा बसलो. काटा दुरुस्त करून नेला होता, आता डुलत नाही, तुला सांगायचं होतं. समाजमंदिराच्या ओट्यावर सगळं मांडलं. बायका पोती घेऊन रांगेत बसल्या होत्या, नेहमीसारख्या, पण कलकल नव्हती. पहिलं पोतं दर वर्षी तुझ्या घरचं. ती रीत कुणी मोडली नाही. सुनीता डोक्यावर पोतं घेऊन आली. तिच्यामागे रमेश मोटरसायकलवर दोन पोती बांधून, आणि त्यामागे शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये आणखी. मी म्हटलं, यंदा एवढी पिकली?

सुनीताने पोतं उतरवलं, पण काट्यावर ठेवलं नाही. धरून उभी राहिली. पांडूभाऊ म्हणाला, "ठेव गं." ती ठेवीना. माझ्याकडे बघत होती. मग लक्षात आलं, सगळ्याच माझ्याकडे बघत होत्या.  मी 'ठेव' म्हणायला तोंड उघडलं. खरं सांगते मंजुळा, 'ठेव' म्हणायलाच उघडलं होतं.

"घरची ठेवली का?"

तुझ्यासारखा आवाज नाही माझा. वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटलं. पांडूभाऊने मान खाली घातली.

सुनीता म्हणाली, "नाय, मॅडम. कणगी पार झाडून आनली."

"सगळी?"

"ही औंदाची. ती गाडीवरची मागची. पिकअपमंदी त्याच्या मागची, आन त्याच्या बी आदीची." तिचा आवाज बसत चालला होता. "कोन खानार? ह्यांना अंबडला मेसच्या चपात्या. पोरीला अंगणवाडीतलं पाकीट आवडतं. आत्या म्हनायच्या भर, म्हनून दर साली भरायचो. पन आत्या कुठं घरी जेवायच्या? सकाळी निघायच्या त्या दिवस मावळल्यावर यायच्या, कुनाकडं तरी खाऊन. वरची काढून आत्याच कधी एकादी भाकर थापायच्या, बस. खालची तशीच राह्यची."

वर्षानुवर्षं राहते म्हणायचीस ना? राहिली होती. थरावर थर. सगळ्या तालुक्याच्या कणग्या भरून घेतल्यास, आणि तुझ्या घरातली भरलेली तशीच, कुणी न खाल्लेली. तुला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण विचारणारी तूच होतीस.

मला राग आला. तू गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी आलं, आणि ते राग होता. अगं बये, एवढा घसा कोरडा केलास दुसऱ्यांसाठी, एक वेळ घरी बसून दोन घास खाल्ले असतेस तर काय बिघडलं असतं? कुठल्या मीटिंगचं अडलं असतं? तोंडावर सुनावलं असतं तुला. आता कुणाला सुनावू? समोर सुनीता उभी, तिला कशाला बोलायचं?

"पोतं उचल," मी म्हटलं. "हे औंदाचं घरी ने. कणगी लिपून घे आणि आधी ती भर. मागची काट्यावर घेते."

"मॅडम!" पांडूभाऊ उठला. "करारात सगळं..."

"भाऊ, बसा."

"पन मॅडम, खानार कोन?" सुनीता म्हणाली. "ठेवून काय करू?"

"मी खाणार. दुपारी जेवायला तुझ्याकडे येते. भाकरी टाक."

ती बघतच राहिली. मग पोतं उचललं आणि गेली. रांगेतली पुढची बाई पोतं घेऊन आली. मी विचारलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, जीभ चावली, आणि न सांगताच माघारी फिरली. त्यापुढच्या दोघी मी विचारायच्या आधीच उठल्या आणि घराकडे निघाल्या. काही म्हणाल्या, ठेवली. त्यांची घेतली. पांडूभाऊ शेवटी म्हणाला, "मंग त्या खरेदीदाराला काय सांगू?" म्हटलं, "सांगा, उरेल तेवढी सगळी देऊ. परत परत विचारा त्यांना." ते घेतील की नाही, मला माहीत नाही. माझं मत बदललंय असंही समजू नकोस. बायका यंदाही बागांवर जाणार आहेत आणि तुझ्या प्रश्नाने ते थांबत नाही. पांडूभाऊची सून परवा तिथेच होती, गाठोडं बांधून ठेवलंय म्हणाली. त्याचं काय करायचं, हे आपल्याला अजून भांडायचंच होतं. आता मी एकटी कुणाशी भांडू?

दुपारी तुझ्या घरी गेले. सुनीता चुलीपुढे बसली होती, परातीत काळं पीठ, आणि कपाळावर घाम. पहिली भाकरी तव्यावर टाकताना तुटली. दुसरी कशीबशी निघाली. मला पाट दिला, ताटात भाकरी, उडदाची डाळ आणि खुरसणीची चटणी. ती चुलीपाशीच बसून माझ्याकडे बघत राहिली.

मंजुळा, तुझ्या सुनेला भाकरी येत नाही. कडेला जाड, मधे कच्ची, एका बाजूने करपलेली. तू गाडीत म्हणाली होतीस ना, पोरींना थापता येणार नाही म्हणून, ते तुझ्याच घरात खरं झालंय. मी तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला. कच्च्या पिठाची चव लागली. करपल्याचा कडवटपणा लागला. मागून चटणीचं तिखट लागलं. चव लागली गं मला. मग मी भाकरी हातात धरून तिथे पाटावर बसून हुंदके देऊन रडायला लागले.

सुनीता घाबरून जवळ आली. "मॅडम, लय वाईट झाली का?"

"हो," मी म्हटलं. "उद्या परत कर. मी येते."